विकत घेतलेल्या नावांचा हिशेब द्या : स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुपला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
एम्ब्रेसर ग्रुप,
कार्लस्टाड, स्वीडन.

विषय : बंद केलेले स्टुडिओ, पडून असलेली नावं आणि ती नावं मोठी करणारी माणसं.

महोदय,

स. न. वि. वि.

२०२५ संपता संपता तुम्ही तुमच्या व्हिडिओ गेम समूहातून कॉफी स्टेन ही गेम कंपनी वेगळी काढून शेअर बाजारात उभी केलीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोर्ड गेमवाली आस्मोदे वेगळी झाली होती. उरलेल्या कंपनीसाठी फेलोशिप एंटरटेनमेंट हे नवं नावही तुम्ही जाहीर करून ठेवलं आहे. एका कंपनीच्या तीन झाल्या, की पाटी बदलते, अहवालाचं मुखपृष्ठ बदलतं आणि जुने प्रश्न नेमके कुणाच्या दारात नेऊन विचारायचे तेच कळेनासं होतं. म्हणून जुनं नाव लोकांच्या लक्षात आहे तोवरच हे पत्र लिहिते आहे.

ते मराठीत आहे, कारण तुमच्याइतकंच ते इथल्या मुलांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. पुण्यात, मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात अॅनिमेशन आणि गेम आर्टचे क्लास लावलेली कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या आईवडिलांनी इंजिनिअरिंगचा हट्ट सोडून, काहींनी कर्ज काढून, फी भरलेली असते. ज्या धंद्यात ही मुलं उतरणार, तो कुणाच्या निर्णयांवर चालतो हे क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. तिथे फक्त सॉफ्टवेअर शिकवतात. भाषांतराची अडचण तुम्हाला येऊ नये. गेम आणि सिनेमे परक्या भाषांत नेणं हा तुमच्या घरातलाच एक जुना व्यवसाय आहे.

माझा यात संबंध काय? मी पुण्यात एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट आहे. गेममध्ये खेळाडू जिथून धावत जातो त्या गल्ल्या, ओलसर भिंती, गंजलेले पाइप, पडकी छपरं आम्ही बनवतो. युरोप-अमेरिकेतल्या प्रकाशकांचं काम इथल्या आउटसोर्सिंग स्टुडिओंकडे येतं, आणि मग बाणेर किंवा खराडीतल्या एखाद्या चौथ्या मजल्यावर कुणीतरी आठवडाभर एका लाकडी दरवाजाचं टेक्स्चर घासत बसतं. क्लायंट कोण हे आम्हाला बाहेर सांगता येत नाही, तसा करारच असतो. त्यामुळे माझ्या कामाबद्दल पुढे जे लिहीन, ते तुमच्या कंपनीकडचं होतं असा माझा दावा नाही. तुमच्याबद्दल जे लिहिते आहे ते सगळं जाहीर आहे, बरंचसं तुम्हीच जाहीर केलेलं आहे.

दुसरा संबंध त्याहून जुना. शाळेत असताना मामेभावाने लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीडीवर (ती कुठून आली होती ते कृपया विचारू नका) मी रेड फॅक्शन खेळले. मंगळावरच्या खाणीत भिंतीवर रॉकेट मारलं की भिंत खरंच फुटायची, आणि त्या भगदाडातून पलीकडे जाता यायचं. दार बंद असेल तर भिंत फोडा! त्या वयात मला त्या कथेशी काही देणंघेणं नव्हतं, मी नुसती भिंती फोडत बसायचे. भिंत ही बनवलेली गोष्ट असते, कुणीतरी बसून ती बनवतं, हे तिथे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. तो गेम बनवणारा वोलिशन हा स्टुडिओ तुम्ही २०२३ मध्ये बंद केलात.

तुमची वाढ कशी झाली हे इथल्या वाचकांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

तुमचे संस्थापक लार्स विंगेफॉर्स यांनी किशोरवयात जुनी कॉमिक्स विकली, मग वापरलेले व्हिडिओ गेम. त्यातून नॉर्डिक गेम्स उभी राहिली. २००० मध्ये ती एका ब्रिटिश इंटरनेट कंपनीला विकली; डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर तोच धंदा त्यांनी एका क्रोनरला परत घेतला. नंतर इतरांकडे न खपता पडून राहिलेला माल उचलून विकायचा उद्योग केला. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूत किंमत पाहणारी नजर या माणसाकडे आहे, याबद्दल मला खरंच आदर आहे. २०११ मध्ये व्हिएन्नाच्या योवूड या बुडालेल्या गेम प्रकाशकाची मालमत्ता घेतली. २०१३ मध्ये अमेरिकेतली टीएचक्यू ही गेम प्रकाशक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लिलावाच्या दुसऱ्या फेरीत उरलेली नावं, म्हणजे त्या गेमचे हक्क, सुमारे ४९ लाख डॉलरना घेतली. रेड फॅक्शन त्यातच होतं. पुढे टीएचक्यू हे नावसुद्धा विकत घेऊन २०१६ मध्ये स्वतःला लावलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी स्टॉकहोमच्या बाजारात आली.

इथवरची गोष्ट एका हुशार, हिशेबी दुकानदाराची आहे. १४ फेब्रुवारी २०१८ ला तुम्ही १२ कोटी १० लाख युरोंना कॉख मीडिया घेतली आणि गोष्टीचा आकारच बदलला.

कॉख मीडिया १९९४ ची. म्युनिकजवळच्या प्लानेगमधून चालणारी, ऑस्ट्रियात मुळं असलेली ही वितरण कंपनी होती. दुसऱ्यांनी बनवलेले गेम आणि सिनेमे दुकानांपर्यंत न्यायचे, हे तिचं काम. जर्मनीत आणि इटलीत तिचा सिनेमाचा विभाग होता आणि आजही प्लायॉन पिक्चर्स या नावाने आहे. वितरणाला बाहेरचे लोक कमी लेखतात. कोणत्या देशात किती प्रती छापायच्या, दुकानदाराकडून परत येणारा माल कसा जिरवायचा, कुठल्या भाषेत आवाज द्यायचा आणि कुठे नुसती उपशीर्षकं पुरतील, हे सगळं वितरकाला कळावं लागतं. नफ्याची टक्केवारी बारीक असते, त्यामुळे उधळपट्टीला जागा नसते. सावधपणा हीच या धंद्याची पुंजी. कॉखने २००२ मध्ये डीप सिल्व्हर हे स्वतःचं गेम-प्रकाशन सुरू केलं तेही हळूहळू, आणि टीएचक्यूच्याच लिलावात पहिल्या फेरीला वोलिशन स्टुडिओ आणि त्याची सेंट्स रो ही गेम मालिका मिळून २ कोटी २३ लाख डॉलरना उचलले. म्हणजे २०१३ मध्ये एकाच मोडलेल्या घरातून वोलिशन कॉखकडे गेला आणि त्याने बनवलेलं रेड फॅक्शन तुमच्याकडे आलं. २०१८ मध्ये दोन्ही पुन्हा एका छपराखाली आले. बनवणारे आणि त्यांनी बनवलेलं नाव एकत्र. मला तेव्हा वाटलं होतं, आता काहीतरी घडणार.

घडलं ते वेगळंच. सप्टेंबर २०१९ मध्ये तुम्ही एम्ब्रेसर झालात. मग गेम कंपन्यांची खरेदी सुरू झाली. २०२० मध्ये सेबर इंटरॅक्टिव्ह, ५२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत. २०२१ मध्ये गिअरबॉक्स, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर १३० कोटी डॉलरच्या वर. त्याच वर्षाच्या शेवटी बोर्ड गेम बनवणारी आस्मोदे, २७५ कोटी युरो. २०२२ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स आणि आयडॉस मॉन्ट्रियल, म्हणजे पर्यायाने टूम रेडर आणि डेउस एक्स हे गेम, ३० कोटी डॉलर. मग मिडल-अर्थचे, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगाचे, हक्क. ८५० च्या वर नावं आणि सव्वाशेहून अधिक स्टुडिओ. त्या काळात सकाळी ऑफिसला आल्यावर "आज कोण घेतलं?" असा आमच्याकडे विनोदच झाला होता.

या खरेदीतला पैसा कसा येतो हे मुलांनी समजून घ्यायला हवं. बरीचशी किंमत रोख नसते. थोडी रोख, थोडे कंपनीचे नवे शेअर, आणि उरलेली रक्कम पुढच्या काही वर्षांत ठरलेली कामगिरी झाली तर. शेअरचा भाव चढा असेल तोवर हे चाक मजेत फिरतं : भाव चढा म्हणून खरेदी सोपी, खरेदी झाली म्हणून भाव चढा. या चक्रात एकही चांगला गेम तयार व्हावा लागत नाही. गेमला चार-पाच वर्षं लागतात आणि खरेदीला एक सही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार सर्वांत गंभीर आहे. २४ मे २०२३ ला तुम्ही सांगितलंत की सहा वर्षांत २०० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न देणारी एक मोठी भागीदारी ऐन वेळी फिसकटली. समोरच्याने आदल्या ऑक्टोबरात तोंडी होकार दिला होता. तोंडी! समोरचा कोण ते तुम्ही सांगितलं नाही. बातम्यांत सौदी अरेबियाच्या सॅव्ही गेम्सचं नाव आलं, जिने वर्षभर आधीच १०.३ अब्ज क्रोनर ओतून तुमचे आठ टक्क्यांच्या आसपास शेअर घेतले होते. तुमचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला, पुढच्या वर्षाचा नफ्याचा अंदाज तुम्हाला खाली आणावा लागला, आणि तीन आठवड्यांच्या आत, १३ जूनला, पुनर्रचनेचा कार्यक्रम जाहीर झाला. आमच्याकडे साधा भाडेकरारसुद्धा कुणी तोंडी शब्दावर करत नाही, अकरा महिन्यांचा कागद होतो आणि त्याची नोंदणी होते. कॉखसारख्या वितरकाच्या तालमीत वाढलेली मंडळी टेबलाभोवती बसलेली असताना सही न झालेला करार अंदाजात धरला कसा गेला, याचं उत्तर मला कुठल्याही अहवालात सापडलं नाही. विंगेफॉर्स यांनी नंतर मुलाखतीत आपल्यावर टीका होणं योग्यच असल्याचं मान्य केलं, तो त्यांचा मोठेपणा. पण टीका मान्य करणाऱ्याची खुर्ची शाबूत राहिली आणि ज्यांचा या कराराशी काडीचाही संबंध नव्हता ते घरी गेले.

ते कोण होते? ३१ ऑगस्ट २०२३ ला वोलिशन बंद झाला, तात्काळ. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या शँपेन नावाच्या गावात तीस वर्षं चाललेला स्टुडिओ. त्याच डिसेंबरात नॉटिंगहॅमचा फ्री रॅडिकल डिझाइन गेला. टाइमस्प्लिटर्स हा त्यांचा जुना गेम परत आणायचा म्हणून तुम्हीच तो २०२१ मध्ये पुन्हा उभा केला होता, जुन्या माणसांना बोलावून. जानेवारी २०२४ मध्ये आयडॉस मॉन्ट्रियलमधून ९७ जण कमी केले आणि बातम्यांनुसार डेउस एक्सचा नवा गेमही थांबला. फेब्रुवारी २०२४ पर्यंत एकूण १,३८७ माणसं कमी झाल्याचं तुमच्याच तिमाही अहवालात होतं, म्हणजे आठ टक्के. त्यानंतर स्वीडनमधलाच पीसेस इंटरॅक्टिव्ह हा स्टुडिओ बंद झाला. मग जर्मनीतल्या एसेनचा पिरान्हा बाइट्स, १९९७ पासून गॉथिक ही गेम मालिका घडवणारा.

पिरान्हा बाइट्सपाशी मी जरा थांबते, कारण माझी दुसरी तक्रार तिथे आहे. स्टुडिओ बंद झाला, पण गॉथिक तुमच्याकडेच राहिलं आणि त्याची नवी आवृत्ती बार्सिलोनातल्या दुसऱ्या स्टुडिओकडे दिलेली आहे. त्या बार्सिलोनाच्या मुलांबद्दल माझ्या मनात काही नाही, ते मनापासूनच करत असतील. पण पद्धत बघा : नाव मालमत्ता आणि माणसं खर्च. वोलिशन नाही, सेंट्स रो आहे. फ्री रॅडिकल नाही, टाइमस्प्लिटर्स आहे. जुन्या मालाच्या दुकानात हे चालतं, कारण जुना गेम बनवून झालेला असतो. तो कुणी बनवला याने विक्रीत फरक पडत नाही. पुढचा गेम मात्र कुणालातरी बनवायचा असतो. कुठल्या खोलीत उजेड कमी ठेवायचा, शत्रू दिसायच्या आधी त्याचा आवाज किती लवकर ऐकू आणायचा, दारापाशी खेळाडू किती वेळ थबकतो, हे ज्ञान कागदावर उतरत नाही. एका टीमने तीन-चार गेम एकत्र केले की ते त्या टीममध्ये मुरतं. टीम मोडली की तुमच्या तिजोरीत उरतो तो नावाचा नोंदणी कागद.

तिसरी तक्रार वाटणीबद्दल आहे. एप्रिल २०२४ मध्ये तीन कंपन्या करायचं ठरलं, तेव्हा आस्मोदेच्या नावावर ९० कोटी युरोंचं कर्ज उभारून तो पैसा मूळ कंपनीचं कर्ज फेडायला वापरला गेला. बेकायदा काही नाही, सगळं जाहीर. पण एकत्र कुटुंबातल्या कमावत्या धाकट्याच्या नावावर आधी बोजा चढवायचा, त्यातून थोरल्याची उधारी चुकवायची आणि मग त्याला म्हणायचं, "जा, आता तू स्वतंत्र", हे आमच्याकडच्या सातबाऱ्यांवर पुष्कळ पाहिलं आहे. पत्त्यांचे आणि सोंगट्यांचे खेळ बनवणाऱ्यांनी व्हिडिओ गेमच्या खरेदीची किंमत का मोजावी? गिअरबॉक्स तुम्ही ४६ कोटी डॉलरना टेक-टू या अमेरिकन प्रकाशकाला विकली, सेबर २४ कोटी ७० लाखांना. खरेदीच्या वेळचे मोठे आकडे सशर्त होते, त्यामुळे सरळ वजाबाकी करणं अन्यायाचं होईल, आणि मी ती करणार नाही. तुम्ही करून दाखवा. प्रत्येक मोठ्या खरेदीत प्रत्यक्ष किती दिलं आणि बाहेर पडताना किती मिळालं, एका पानावर.

चौथी तक्रार छोटी आहे, पण मला ती टोचते. स्वीडनमध्ये २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत कामगार संघटना संचालक मंडळावर आपले प्रतिनिधी पाठवू शकतात, आणि मोठ्या बदलाआधी मालकाला संघटनेशी वाटाघाट करावी लागते. १९७० च्या दशकापासून तिथे तशी रीत आहे. तुमच्या देशातला हा कायदा मला हेवा वाटावा असाच आहे. इलिनॉयमधल्या माणसाला मात्र "आजपासून बंद". समूह एकच, माणसामाणसाचं मोल देशागणिक वेगळं.

पाचवी तक्रार माझ्या बिरादरीची आहे, आणि ती फक्त तुमच्याविरुद्ध नाही. मोठ्या प्रत्येक प्रकाशकाने ती वाचावी. तुम्ही एखादा अघोषित गेम रद्द करता तेव्हा तो बातमीत एक ओळ असतो, पुष्कळदा तेवढाही नसतो. इथे काय होतं ते सांगते. सोमवारी सकाळी लीड सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावतो आणि सांगतो, प्रोजेक्ट होल्डवर आहे. 'रद्द' हा शब्द कुणीच उच्चारत नाही. सर्व्हरवरचा फोल्डर दुपारपर्यंत बंद होतो. ज्यांना दुसरं काम मिळतं ते तिकडे जातात, बाकीचे बेंचवर, म्हणजे कामाविना, बसतात, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत बेंचवरचे हळूहळू दिसेनासे होतात. त्यांना नवी नोकरी शोधायची असते. आर्टिस्टची नोकरी पदवीवर मिळत नाही, पोर्टफोलिओवर मिळते. आणि पोर्टफोलिओत दाखवायला काय असतं? दोन वर्षं ज्या शहराच्या गल्ल्या बनवल्या ते शहर जगाने कधी पाहिलेलं नाही आणि गोपनीयतेच्या करारामुळे पाहणारही नाही. गेम बाजारात आला असता तर चित्र दाखवता आलं असतं. तो रद्द करण्याचा निर्णय क्लायंटचा, पण दोन वर्षांची पोकळी रिझ्युमेवर राहते आमच्या.

एका अशाच बंद पडलेल्या कामावर, कुणाचं ते सांगत नाही, माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. साताऱ्याजवळच्या गावाकडचा, हात कमालीचा. दगडी बांधकाम त्याच्यासारखं कुणी करत नसे, कारण त्याने लहानपणी वाड्यांच्या भिंती जवळून पाहिल्या होत्या. दोन दगडांमधला चुना पावसाने कसा झिजतो हे त्याला रेफरन्स न बघता ठाऊक होतं. मुलाखतीत त्याला विचारलं गेलं की गेल्या दोन वर्षांतलं काम दाखव. त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता तो फ्लॅटच्या जाहिरातींसाठी बिल्डरांना थ्रीडी चित्रं करून देतो. पगार वाईट नाही, म्हणतो.

जे गेम बाजारात येतात त्यांचीही कथा थोडी तशीच. शेवटच्या नामावळीत आउटसोर्सिंग स्टुडिओचं फक्त नाव येतं, माणसांची येत नाहीत. मधेच काढलेल्यांची येतील याची खात्री नसते. सिनेमाच्या नामावळीत चहा देणाऱ्या स्पॉटबॉयचंही नाव असतं. तुमच्या घरात सिनेमाचं खातंही आहे, त्यांनाच विचारा.

या सगळ्यावर तुम्ही म्हणाल, सारं वाईटच झालं का? नाही. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओला तुम्ही २०१९ मध्ये घेतलं, त्यांना त्यांच्या पद्धतीने काम करू दिलं, आणि पहिल्या भागानंतर सात वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, किंगडम कम : डिलिव्हरन्सचा दुसरा भाग आला. पहिल्याच दिवसात दहा लाख प्रती. मी तो खेळले आहे. चिखल इतका खरा मी कुठे पाहिलेला नाही, आणि चिखल करणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. स्टुडिओ टिकवला, तीच माणसं राहिली, वेळ दिला, की काय होतं हे तुमच्याच घरात सिद्ध झालं आहे. त्यामुळेच वोलिशनबद्दलचा राग जास्त येतो.

आणखी एक. २०२२ मध्ये तुम्ही कार्लस्टाडमध्ये गेम आर्काइव्ह जाहीर केलंत : जुने गेम, यंत्रं, खोकी मिळून ५० हजारांच्या आसपास वस्तू. कल्पना सुंदर आहे. आमच्याकडे मराठी मूकपट किती हरवले हे पाहिलेल्या माणसाला तर तिची किंमत सांगायला नको. पण खोक्यासोबत सोर्स कोड जपला जातो का, मूळ थ्रीडी फाइल्स जपल्या जातात का? काचेमागे ठेवलेल्या सीडीवरून पुढची पिढी गेम कसा बनवला ते शिकू शकत नाही.

भारतातल्या वाचकाला वाटेल, हे दूरचं दुखणं. तसं नाही. मुंबईची गेम कंपनी नझारा टेक्नॉलॉजीज मार्च २०२१ मध्ये बाजारात आली, आणि तिनेही त्यानंतर ब्रिटनमधली फ्यूजबॉक्स, मग कर्व्ह गेम्स अशी खरेदी केली आहे. खरेदी करण्यात गैर काहीच नाही, उलट आपल्या कंपनीने तिकडची कंपनी घ्यावी याचा मला थोडा अभिमानच वाटतो. पण आपल्या मंडळींनी तुमचा २०२३ चा मे महिना नीट अभ्यासावा, एवढंच त्यांनाही या पत्रातून सांगते.

आता मागण्या. त्या अशक्य नाहीत, आणि कुठलीही तुमचं दिवाळं काढणारी नाही.

बंद केलेल्या प्रत्येक स्टुडिओची जाहीर यादी द्या : कधी घेतला, कधी बंद केला, त्याच्या गेमचे हक्क आज तिन्ही कंपन्यांपैकी कुणाकडे आहेत, आणि सोर्स कोड व मूळ फाइल्स सुरक्षित आहेत का. वाटणी पूर्ण होताना हे कागद एकमेकांत हरवू नयेत.

ज्या नावावर ठरावीक काळ, समजा पाच वर्षं, काहीच काम होणार नाही, ते नाव परवान्यावर मागण्याचा पहिला हक्क ते घडवणाऱ्या जुन्या टीमला द्या. फुकट नको, विक्रीतला वाटा घ्या. टाइमस्प्लिटर्सपासून सुरुवात करा. वितरण तुमच्याकडे आहेच; बनवतील ते, विकाल तुम्ही, आणि विकण्यात तुम्ही पटाईत आहात.

रद्द झालेल्या अघोषित गेमवर काम केलेल्या प्रत्येकाला, तो तुमच्या पगारावर असो की पुण्यातल्या व्हेंडरच्या, ठरावीक महिन्यांनंतर स्वतःचं काम पोर्टफोलिओत दाखवायची लेखी मुभा द्या. गेमचं नाव झाकायचं असेल तर झाका. भिंत दाखवू द्या. हे करारातलं एक कलम आहे, तुमच्या वकिलाला अर्धा तास पुरेल. याच कलमाखाली नामावळीत माणसांची नावं घाला, व्हेंडरच्या टीमचीसुद्धा आणि मधेच गेलेल्यांचीही.

नवी खरेदी करण्याआधी, त्या स्टुडिओतल्या लोकांना किमान सहा महिने पगार देता येईल इतकी रक्कम बाजूला ठेवा आणि अहवालात ती वेगळी दाखवा. आणि सही न झालेला कुठलाही करार पुढच्या अंदाजात धरणार नाही, असा ठराव संचालक मंडळाने करून तो प्रसिद्ध करावा. विंगेफॉर्स यांच्याकडे एका शेअरला दहा मतं असलेले शेअर आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर तो ठराव पुढच्या सभेत मंजूर होईल.

शेवटची मागणी : स्वीडनबाहेरच्या कर्मचाऱ्यांचा निदान एक प्रतिनिधी मंडळाच्या बैठकीत बसू द्या. कायदा सक्ती करत नसला, तरी कुणी अडवतही नाही.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, स्वीडिशमध्ये दिलंत तरी आम्ही कुणाकडून वाचून घेऊ. मात्र ते मला खासगीत पाठवू नका. पुढच्या तिमाही अहवालात, जिथे विकलेल्या प्रतींचे आकडे छापता त्याच पानांत, ते छापा. या मागण्यांपैकी कुठली मान्य नसेल तर तसं लिहा आणि कारणही लिहा. रेड फॅक्शनचं पुढे काय ठरवलं आहे, हे त्यात आलं तर बरं.

कळावे,

आपली,
पुण्यातली एक एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट